डांगर कोणी फोडायचं

सातपूरला माझी खानावळ आहे, आणि तिथं डांगर मीच फोडते. लाल भोपळ्याला आमच्या चांदवडकडे डांगर म्हणतात. आडवं धरायचं, देठापाशी कोयत्याचं टोक रुतवायचं आणि वरून एक दणका द्यायचा. माझ्या हाताखालच्या बायका त्या वेळी तोंड फिरवून उभ्या राहतात. मी म्हणते, "बघू नका, पण फाका झाल्या की भराभर चिरा." कंपन्यांतून जेवायला येणारी माणसं डांगर कोणी फोडलं ते विचारत नाहीत. मीठ कमी पडलं तर तेवढं बोलतात.

घरी हे चालत नाही. घरी माझ्या सासूबाई आहेत. लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांचं म्हणणं असं की, अख्ख्या डांगराला पहिली सुरी पुरुषानं लावायची. एकदा चीर पडली की पुढं बाईनं काय ते चिरावं. डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, आणि आईनं त्याच्यावर हत्यार चालवायचं नसतं. त्यांचा थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. अशा बाईशी या गोष्टीवर वाद तरी काय घालणार? तरी एकदा, नव्या घरात राहायला आल्यावर, मी रागाच्या भरात घरी डांगर फोडलं होतं. आत्यांनी त्या दिवशी भाजीला हात लावला नाही. चटणी-भाकरी खाल्ली आणि ताट घासून ठेवलं. तेव्हापासून माझा मुलगा फोडायचा. तो पुण्याला नोकरीला गेल्यावर सुट्टीत आला की फोडायचा.

आता डांगराचं सांगायचं तर आधी विहिरीचं सांगावं लागेल. ते सांगितलं की माझं डोकं अजून तापतं.

नवरा गेला तेव्हा माझी मुलं लहान होती. वर्षश्राद्ध झालं आणि धाकट्या दिरानं वाटणी काढली. गावातली जाणती माणसं ओट्यावर बसली होती. दीर त्यांना म्हणाला, "वहिनी काय शेती करनार हायेत का? त्यांना वरचा तुकडा द्या, विकून मोकळ्या व्हतील." विहिरीखालचं काळं रान त्याला गेलं. मला वरचं मुरमाड, जिथं कुसळांशिवाय काही येत नव्हतं. आत्या आत चुलीपाशी बसल्या होत्या. मधल्या दारातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी एक शब्द काढला असता तर ओट्यावरच्या माणसांनी ऐकलं असतं. त्यांनी काढला नाही.

मी तो तुकडा विकला. घेणारा मुरमाडाला नावं ठेवत आला होता; मी त्याला तो रस्त्याला किती लागून आहे हे ऐकवत राहिले, आणि शेवटी त्यानं माझ्या भावात घेतला. त्या पैशातून नाशिकला एक खोली घेतली आणि पोळपाट-लाटणं एवढ्यावर मी डबे सुरू केले. पहाटे मार्केटला जायचं, शेतकऱ्याशी आणि व्यापाऱ्याशी दोघांशीही भांडायचं, आणि उजाडायच्या आत भाजी घेऊन परत यायचं. मुलं एकटी झोपलेली असायची. अशात एक दिवस आत्या एसटीनं आल्या. हातात गाठोडं होतं. "पोरांपाशी राहते," म्हणाल्या, आणि राहिल्या त्या राहिल्याच. विहीरवाल्या मुलाचं घर सोडून त्या माझ्याकडे का आल्या, हे मी विचारलं नाही. गरज माझी असली की मी समोरच्याला प्रश्न विचारत नाही. धंद्यात मला याचा फायदाच झाला आहे.

पुढे नाशकातच म्हसरूळला घर बांधलं. वास्तुशांतीला दिराला बोलावलं नव्हतं, तरी तो आला. हातात आहेराचा पुडा. मी दारातच उभी राहिले आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "भाऊजी, तुम्ही आपलं विहिरीचं पाणी प्या. माझ्या नळाचं तुम्हाला गोड लागायचं नाही."  तो पुडा पायरीवर ठेवून गेला. आत्या तेव्हा मागं स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

घरामागं अंगणापेक्षा थोडी मोठी मोकळी जागा राहिली होती. बांधकामाचा राडा, विटांचे तुकडे, सिमेंटची वाळलेली ढेकळं. मी तिथं फरशी घालणार होते. आत्या म्हणाल्या, "फरशी खाता येती का?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक तुकडा वेचायला सुरुवात केली. मी शेणखत आणून दिलं. गोठेवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून मी रिक्षात परत बसले तेव्हा तो मागं पळत आला. बाकी सगळा हात आत्यांचा. भांडी घासलेलं पाणी बारीक चारी काढून वाफ्यात सोडलेलं. खानावळीतून येणारी सालं, देठं, कांद्याची टरफलं एका खड्ड्यात. मेथी, पालक, कोथिंबीर आळीपाळीनं, कुंपणाला घेवडा, भिंतीलगत वांगी, आणि कोपऱ्यात, माठ ठेवतात त्या दगडाशेजारी, डांगराचं आळं. वेल तिथून चढून न्हाणीघराच्या पत्र्यावर जायचा. सकाळी फुलं उमलली की आत्या नर फूल तोडायच्या आणि खाली बारीक डांगर असलेल्या फुलावर हलकेच टेकवायच्या. "माश्या हायेत की," मी म्हणायचे. "माश्यांच्या भरवशावर कशाला राहू?" त्या म्हणायच्या.

घरात भाजी विकत आणायची वेळ आमच्यावर क्वचितच आली. खानावळीसाठी मी पोत्यानं भाजी आणत होते, त्याच दिवसांत आम्ही दोघी मात्र परसातल्या पालकाची पातळ भाजी खात होतो. माझी बीपीची गोळी कमी झाली ती या पालकानं, असं आत्या सगळ्यांना सांगायच्या. मी म्हणायचे डॉक्टरनं कमी केली.

मागच्या दिवाळीला मुलगा आला. पत्र्यावर या वेळी एकच डांगर धरलं होतं, पण चांगलं थोराड. त्यानं ते उतरवलं, स्वयंपाकघरात आणलं आणि सुरी मागितली. आत्या म्हणाल्या, "राहू दे. अजून कच्चं हाय."

मी वळून बघितलं. देठ वाळून लाकूड झालेला. मी जवळ जाऊन सालीवर नख दाबलं, नख रुतलं नाही. रोज सकाळी हेच करून मी व्यापाऱ्यांचं खोटं पकडते. डांगर पिकलेलं होतं, आणि आत्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"आजी, सोन्यासारखं पिकलंय की," मुलगा म्हणाला.

"तुला काय कळतंय पुण्यात राहून? ठेव ते कॉटखाली."

तो हसला आणि डांगर कॉटखाली पोत्यावर ठेवून दिलं.  कोणी आपला माल राखून ठेवतंय म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं असतं, एवढं मला समजतं. गिऱ्हाईक कोण, तेवढं बघायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात खानावळीत पाणी आलं नाही म्हणून मी दुपारी लवकर घरी आले. मागच्या बाजूनं बोलण्याचा आवाज येत होता. परसाला बोळाकडे उघडणारं लोखंडी फाटक आहे, कमरेएवढं. फाटकाच्या आत आत्या उभ्या होत्या आणि बाहेर माझा दीर. तो टोमॅटो घेऊन मार्केटला येतो, परत जाताना गाडी बोळाच्या तोंडाशी लावलेली. आत्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून माझ्या परसातल्या मेथीची पानं बाहेर आली होती.

"सगळी नको गं देऊ. तुमाला राहू दे," तो म्हणत होता.

"घे. नातवंडांना पराठे कर म्हणावं. तुझं तोंड का वाळलंय एवढं?"

"उन्हातनं आलोय. पाणी दे की घोटभर."

आत्यांनी मागं, घराकडं, बघितलं. मग परसातल्या नळाखाली हात धुवायचा तांब्या होता, तो विसळून भरून दिला. माझा दीर बोळात उभा राहून ते पाणी प्यायला. वास्तुशांतीच्या दिवशी दारात मी काय बोलले होते ते आत्यांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हा समजलं. आणि इतकी वर्षं त्या माझ्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. मुलाला आत घेतलं नव्हतं, प्यायचं पाणीसुद्धा घरातून नाही, बाहेरच्या नळाचं दिलं होतं.

वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी राग आला. ज्याच्याकडे विहीर आहे तो माझ्या भांड्यांच्या पाण्यावरची मेथी घेऊन चालला, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो गेल्यावर मी आत्यांना विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

त्या दचकल्या नाहीत. वाफ्यात वाकून तण उपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते डांगर त्याच्या हातानं फुटावं असं हाय माझ्या मनात. एकदा आत बोलव त्याला."

"म्हणून कच्चं होतं होय?"

"हां. म्हणून कच्चं व्हतं."

"बोलावते की. त्यानं आधी यावं, चार माणसांत म्हणावं की वहिनी, विहिरीत तुमचा वाटा होता."

"नाय म्हनायचा तो."

"मग डांगर राहू द्या कॉटखाली."

मी सवयीनं सौदा करत होते. समोरच्याची गरज कळली की मी हटत नाही. आत्या उभ्या राहिल्या, हाताची माती झटकली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विहीर त्याला गेली. मी तुझ्याकडं आले. अजून कशी वाटणी पायजे तुला?"

त्या आत गेल्या. मी परसातच उभी राहिले. इतक्या वर्षांत मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपणहून दिलं होतं.  एवढं कळूनही मी पुढं जे केलं ते केलंच, आणि ते रागाच्या भरात नाही, शांतपणे केलं.

शनिवारी आत्या मारुतीला जातात. त्या गेल्या आणि गॅसवाला आला. त्यानं सिलिंडर आत आणून ठेवलं. मी कॉटखालून डांगर ओढलं.

"दादा, एवढं फोडून द्या."

"ताई, बाहेर गाडी उभीय. तुम्हीच मारा की कोयता."

"बाईनं मारायचा नसतो."

"मग साहेबांना सांगा."

"साहेब नाहीत. बरं, थांबा मग, सिलिंडरचं वजन करून घेते. काटा आहे माझ्याकडे."

"आणा, आणा तो कोयता," तो म्हणाला. त्यानं ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, एका घावात दोन फाका केल्या आणि हात पुसत म्हणाला, "लय गोड निघंल बघा. रंग बघा कसला हाय."

खरंच केशरी निघालं. मी निम्म्याची भाजी केली, निम्मं किसून घारगे केले. आत्यांना घारगे आवडतात. गूळ नेहमीपेक्षा जास्त घातला. गूळ घालताना मी तो कशासाठी घालत होते, हे मला माहीत होतं.

आत्या आल्या. तळणाचा वास सगळ्या घरात होता. त्यांनी आधी कॉटखाली बघितलं, मग माझ्याकडे.

"कोनी फोडलं?"

"गॅसवाल्यानं."

"हां," त्या म्हणाल्या. "बापई माणूस होता म्हणजे झालं."

माझी तयारी भांडणाची होती. निदान त्या चटणी-भाकरी घेऊन बसतील असं वाटलं होतं. त्या पाय धुऊन आल्या, ताट घेतलं, भाजी खाल्ली, दोन घारगे खाल्ले. "चांगलं झालंय," म्हणाल्या. मी माझ्या ताटातला घारगा मोडून तसाच ठेवला. नियम त्यांचाच होता, मी तो अक्षरशः पाळला होता, आणि त्यांना तक्रार करायला जागा ठेवली नव्हती. मार्केटमध्ये असा सौदा झाला की मी दिवसभर खुशीत असते.

त्यानंतर बोलणं बंद झालं असं नाही. सगळं नेहमीसारखंच. दीर फाटकापाशी येत होता, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे आत्यांना माहीत होतं. मी त्या वेळेला मुद्दाम घरी यायचं टाळायचे. ही माझी मोठी मेहेरबानी आहे असं मी मनाशी धरून बसले होते.

यंदा आषाढात आत्यांनी वाफे केले. गवार टोकली, मिरचीची रोपं लावली, घेवड्याला काठ्या बांधल्या. कोपऱ्यातल्या आळ्यात मात्र तुळशीच्या मंजुळा पडून उगवलेली रोपं तशीच वाढत होती. आळं उकरलेलं नव्हतं.

"डांगर नाही लावलं?" मी विचारलं.

"कशाला?" त्या मिरचीला माती लावत म्हणाल्या. "आपल्या दोघींना कितीसं लागतंय? बाजारातनं एखादी फाक आणली तरी पुरंल."

त्या टोचून बोलत नव्हत्या. टोचून बोलल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोलले असते आणि मोकळी झाले असते. घरचं खायचं म्हणून फरशी घालू न देणारी बाई मला बाजारातून फाक आणायला सांगत होती. वर्षातून एकदा एक पुरुष घरात बोलवावा लागतो, एवढ्यासाठी ती डांगर लावत आली होती. कुठला पुरुष ते मी ठरवत होते. आता तिनं मागणंच सोडलं होतं.

मी दिराला फोन केला. नंबर आत्यांच्या फोनमधून घेतला.

"आत्यांना भेटायला पुढच्या दारानं येत जा," मी म्हणाले.

 तो म्हणाला, "आईला काय झालं का?"

"काही झालं नाही. पुढच्या दारानं या, एवढंच म्हणतेय. विहिरीचं मी विसरलेले नाही, तेही सांगून ठेवते."

"बरं," तो म्हणाला.

तो आला. चपला पार पायरीच्या खाली काढल्या. खुर्चीच्या कडेला बसला, जणू मागचा भाग दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवला आहे. केस पांढरे झाले होते. आत्या त्याच्यासमोर कॉटवर बसल्या आणि मग दोघं बोलेनात. फाटकापाशी उभं राहून ती दोघं नातवंडांचं, बैलाचं, टोमॅटोचं भराभर बोलायची. माझ्या हॉलमध्ये दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

आत्या माझ्याकडे वळल्या. "चहा टाकू का याला?"

मी म्हणाले टाका. थोड्या वेळानं, "जेवायला थांबू दे का?" मी म्हणाले थांबू दे. माझी मुलं वाढवलेली बाई, माझ्या घराला परस करून देणारी बाई, प्रत्येक गोष्ट मला विचारत होती. आणि हे मीच तिला शिकवलं होतं, दारातल्या एका वाक्यानं.

परसातल्या कोवळ्या गवारीची भाजी केली होती, शेंगदाण्याचं कूट घालून. दीर खाली मान घालून जेवत होता. भाजी संपत आली तशी आत्या पळी घेऊन उठल्या, आणि पळी हवेतच धरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अजून वाढू का त्याला?"

मला म्हणायचं होतं की तुमचा मुलगा आहे, तुमचं घर आहे, पोटभर वाढा. पण माझा गळा मार्केटमध्ये घडलेला आहे. तोंडातून निघालं ते असं, "मला काय विचारता? त्याला विचारा ना!"

आवाज घरभर गेला. दिरानं चटकन ताटावर हात आडवा धरला. "नको, नको. झालं माझं," तो म्हणाला, आणि उरलेली भाकरी कोरडीच संपवू लागला. आत्यांनी पळीतली भाजी अलगद पातेल्यात परत सोडली.

रागावून नव्हते बोलले, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग आवाज परत तसाच निघेल या भीतीनं मिटून घेतलं, आणि भाजीचं पातेलं उचलून दिराच्या ताटाजवळ नेऊन ठेवलं. त्यानं त्याकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं. हात ताटावरच होता.